उत्तराच्या पुढचा प्रश्न

ताजमहाल कुठे आहे, हे बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या जसोंडी गावचे शाळकरी मूलही सांगेल. मुमताजमहल कुठे वारली, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच्याच जिल्ह्यात आहे. १७ जून १६३१ रोजी बुऱ्हाणपुरात तिचे निधन झाले, तापीपलीकडे जैनाबादला तिचे पहिले दफन झाले आणि काही महिन्यांनी तिचे पार्थिव आग्र्याला नेले. इतके कळले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. बादशहा शहाजहान राजधानी सोडून इथे का राहिला होता? कारण दख्खनच्या मोहिमा बुऱ्हाणपुरातून चालत. आणि दख्खनच्या वाटेवर पहारा देणारा असीरगड अकबराने १६०१ मध्येच घेतला होता. अशा रीतीने एका स्मारकाचा प्रश्न भूगोलात आणि राजकारणात जाऊन पोहोचतो.

सामान्य ज्ञानाचे खरे बळ या ओढीत आहे. पटवारी भरतीपासून राज्यसेवेपर्यंतच्या परीक्षांसाठी उत्तरे पाठ करावी लागतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण कारणाला बांधलेले उत्तर जास्त टिकते. मुलताईला उगम पावणारी तापी ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. दख्खनच्या गोदावरी, कृष्णा पूर्वेला वळल्या. तापी पश्चिमेला का गेली? सातपुड्याच्या दक्षिणेला जमीन खचून तयार झालेल्या खोलगट पट्ट्यातून ती वाहते म्हणून. हे एकदा समजले की नर्मदेची दिशा वेगळी पाठ करावी लागत नाही.

बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा पाहा. १६१५ च्या सुमारास, मुघल सुभेदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात ही पाणीपुरवठ्याची योजना उभी राहिली. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पाणी भूमिगत बोगद्यात गोळा होते आणि केवळ उताराच्या जोरावर शहराकडे येते. बोगद्यावर ओळीने असलेल्या विहिरीसारख्या कुंड्यांतून हवा आणि उजेड आत जातात. हीच रीत इराणात शेकडो वर्षे चालत आली होती. भूगर्भ, स्थापत्य आणि दूरदेशीचा इतिहास इथे एकाच पाण्यात भेटतात.

शेताच्या बांधावरही प्रश्न आहेत. केळीला आपण झाड म्हणतो. वनस्पतिशास्त्र तिला महाकाय शाकीय वनस्पती मानते, कारण तिचे खोड म्हणजे एकमेकांवर घट्ट गुंडाळलेले पानांचे तळ. खाण्याच्या केळ्यात बी धरत नाही, कारण त्यांतल्या बहुतेक जातींत गुणसूत्रांचे तीन संच असतात. म्हणून लागवड कंदाने किंवा ऊतिसंवर्धित रोपांनी होते. बांधावरून वर आकाशाकडे पाहा: कर्कवृत्त आपल्या उत्तरेला असल्यामुळे मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. वृत्तपत्र हातात घेताना नेपानगर आठवावे: वृत्तपत्री कागदाचा देशातला पहिला कारखाना याच जिल्ह्यात, सालई आणि बांबूच्या भरवशावर उभा राहिला.

उत्तर तपासण्याची सवयही याच अभ्यासाचा भाग आहे. ताजमहाल आधी बुऱ्हाणपुरातच बांधायचा होता, असे इथे घरोघरी सांगतात. ती आख्यायिका आवर्जून जपावी, पण आख्यायिका म्हणूनच सांगावी. उलट, १५९० च्या सुमारास पूर्ण झालेल्या इथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, आणि त्यात इथे राज्य करणाऱ्या फारुकी राजांची वंशावळ दिलेली आहे. ते स्वतः जाऊन पाहता येते.

घरात मराठी आणि शाळेत हिंदी असलेल्या या भागातल्या वाचकाला एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम नागपुरात सुरू केले, तेव्हा नागपूर आणि बुऱ्हाणपूर मध्य प्रांत या एकाच प्रांतात होते. पुढे त्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड झाले. जगातले सारे विषय मराठीत आणण्याच्या त्या कामावर आपलाही हक्क आहे.

म्हणून या पानांवर भूगोल, इतिहास, विज्ञान असे कप्पे केलेले नाहीत. कुठूनही वाचायला सुरुवात करा. प्रत्येक उत्तरापाशी ‘का?’ आणि ‘कशावरून?’ हे दोन प्रश्न विचारा, आणि आपल्या गावाबद्दलचा एक तरी प्रश्न स्वतः लिहून, उत्तर पडताळून, इतरांना विचारा.