श्वसन पुनर्वसन, दूरस्थ

श्वसन पुनर्वसन, दूरस्थ : फुप्फुसांच्या जुनाट विकाराच्या रुग्णाकडून, तो घरीच असताना, फोन किंवा व्हिडिओ कॉलवरून करवून घेतलेला व्यायाम आणि आजाराचे शिक्षण यांचा ठरावीक मुदतीचा कार्यक्रम. तो प्रामुख्याने सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या जुनाट फुप्फुसविकाराच्या) रुग्णांवर आजमावला गेला आहे. इतर विकारांतील अनुभव तुटपुंजा आहे.

तत्त्व : दम लागतो म्हणून रुग्ण चालणे टाळतो, न चालल्याने मांड्यांचे स्नायू रोडावतात आणि रोडावलेले स्नायू थोड्या श्रमातच थकून जास्त हवा मागू लागतात. व्यायामाने हे चक्र तुटते. फुप्फुसाची झालेली हानी मात्र भरून येत नाही. स्पायरोमेट्रीचे (फुंकून घ्यायच्या श्वासचाचणीचे) आकडे जवळजवळ होते तेच राहतात. सुधारतात ते पाय. ही गोष्ट रुग्णाइतकीच त्याला पाठवणाऱ्या डॉक्टरलाही पुष्कळदा पटवून द्यावी लागते.

इतिहास : दम लागणाऱ्याला विश्रांतीच द्यावी, या समजुतीला १९५० च्या दशकात अमेरिकेत ॲल्व्हन बॅरॅक यांनी छेद दिला. १९६० च्या दशकात डेन्व्हरमध्ये टॉमस पेटी यांनी बाह्यरुग्णांसाठी कार्यक्रम उभारला.

घरी नेण्याचे कारण : केंद्रातील कार्यक्रम साधारण ८ ते १२ आठवड्यांचा, आठवड्यातून दोन-तीन फेऱ्यांचा असतो. बसथांब्यापर्यंत चालताना ज्याला दोनदा थांबावे लागते, त्यालाच या फेऱ्या मारायला सांगितले जाते. अमेरिकेत २०१४ मध्ये सीओपीडीमुळे रुग्णालयात राहून घरी परतलेल्या सुमारे १ लाख ९७ हजार मेडिकेअर (सरकारी आरोग्यविमा) लाभार्थींपैकी जेमतेम १.५ टक्का रुग्णांनी ९० दिवसांत पुनर्वसन सुरू केले.

मेलबर्नचा प्रयोग : २०१७ मध्ये ॲन हॉलंड आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला ‘होमबेस’ प्रयोग या विषयात विशेष महत्त्वाचा आहे, कारण त्यात व्हिडिओच नव्हता. सीओपीडीच्या १६६ रुग्णांचे दोन गट केले. एक गट आठ आठवडे आठवड्यातून दोनदा केंद्रात येई. दुसऱ्या गटातील रुग्णाच्या घरी फिजिओथेरपिस्ट एकदाच जाई आणि पुढे दर आठवड्याला एक, असे सात फोन करी. चालण्याचा वेग पहिल्या भेटीतच ठरवून दिला जाई. खुर्चीतून उठणे, पायरी चढणे, हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन त्या उचलणे असे व्यायाम घरातल्या वस्तूंवरच भागवले. फोनवर हुकूम सोडायचे नाहीत. पुढच्या आठवड्यात काय जमेल हे रुग्णाकडूनच वदवून घ्यायचे, अशी रीत होती. आठ आठवड्यांअखेर सहा मिनिटांत चाललेल्या अंतरात घरचा गट कमी पडला नाही. कार्यक्रम पूर्ण करणारे घरच्या गटात ९१ टक्के, तर केंद्रात ४९ टक्के होते. वर्षभरानंतर मात्र दोन्ही गटांतला लाभ टिकला नव्हता. हा दोष पुनर्वसनाचा की ते आठ आठवड्यांत संपवण्याचा, यावर मतभेद आहेत.

इतर प्रयोग : सिडनीत घरी सायकल आणि लॅपटॉप देऊन, तर कोपनहेगनमध्ये तीव्र आजाराच्या १३४ रुग्णांना गटाने व्हिडिओवर घेऊन व्यायाम करवले गेले. नॉर्वे, डेन्मार्क आणि ऑस्ट्रेलिया यांच्या संयुक्त प्रयोगात १२० रुग्ण दोन वर्षे होते. त्यात घरी ट्रेडमिल मिळालेल्या दोन्ही गटांचे, देखरेखीखालच्या आणि देखरेखीविनाही, रुग्णालयात जाणे नेहमीच्या उपचारांच्या गटापेक्षा कमी झाले.

पद्धती : सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीला ३० मीटर सरळ वाट लागते, ती घरात नसते. म्हणून एक मिनिटाची उठबस मोजतात. बिनहातांची खुर्ची भिंतीला टेकवायची, हातांचा आधार न घेता पूर्ण उभे राहायचे, पुन्हा बसायचे. आधीपेक्षा तीन उठबशा वाढल्या की सुधारणा खरी मानतात. दम किती, हे रुग्णाने बोर्ग मापनश्रेणीवर ० ते १० मध्ये सांगायचे. व्यायाम ४ ते ६ च्या दरम्यान राहावा. जाणकार फिजिओथेरपिस्ट अंकावरच विसंबत नाही. रुग्णाचे वाक्य कुठे तुटते, हेही फोनवर ऐकतो. ओठ चंबूसारखे करून सावकाश श्वास सोडणे, इनहेलर नीट घेणे आणि आजार बळावल्याची चिन्हे ओळखणे हा शिक्षणाचा भाग.

साधने : फोन पुरतो.

पुरावा : वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात १५ अभ्यास आणि १,९०४ रुग्ण होते, त्यांपैकी ९९ टक्के सीओपीडीचे. निष्पत्ती केंद्राइतकीच आढळली; कार्यक्रम पूर्ण करणारे दूरस्थ गटात ९३ टक्के, केंद्रात ७० टक्के. २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने रुग्णाला दोहोंपैकी निवड द्यावी, अशी शिफारस केली.

मर्यादा : हृदयविकार अस्थिर असलेले किंवा चालताना तोल जाणारे रुग्ण घरी एकटे व्यायाम करण्यास योग्य नव्हेत. रक्तातील ऑक्सिजन मोजण्यासाठी बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर गडद त्वचेवर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, हे २०२० मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय रुग्णांच्या नोंदींवरून ठळकपणे पुढे आले. आकडा चांगला आणि रुग्ण बेचैन, अशा वेळी रुग्णावर विश्वास ठेवून व्यायाम थांबवावा.

भारत : २०१६ मध्ये देशात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आहे. धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीकडे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून लक्ष वेधले, त्यात चुलीच्या धुराचा वाटा मोठा. अशा घरात व्यायाम चुलीच्या वेळेला करू नये. फोन मुलाच्या किंवा सुनेच्या हातात असला, तरी दमाचा अंक रुग्णाच्याच तोंडून ऐकावा. केंद्र सरकारची दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० ची आहेत. ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी लिहिलेली असून फिजिओथेरपिस्टसाठी त्यांत वेगळे नियम नाहीत.