हॉलमधल्या टीव्हीपर्यंतचं अंतर

मंडळी, आज जरा यंत्रांचा इतिहास. आयुष्यात एकही व्हिडिओ गेम न खेळलेल्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण हा इतिहास गेमचा नाहीच. आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरचा सिनेमा हॉलमधल्या टीव्हीवर कसा पोचला, त्याचा आहे.

२००० च्या आसपास घरोघरी कॉम्प्युटर आले. ते बहुधा आतल्या खोलीत, एका टेबलावर, एका खुर्चीसमोर. टीव्ही मात्र हॉलमध्ये, सगळ्यांच्या मध्ये. त्याच सुमारास डिव्हएक्स आणि पाठोपाठ २००१ मध्ये एक्सव्हिड आलं, आणि अख्खा सिनेमा ७०० एमबीच्या एका सीडीवर मावू लागला. इंटरनेटवरून तो उतरवून घेणं शक्य झालं. (त्यात चोरीचा माल भरपूर होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण घरच्या लग्नामुंजींच्या कॅसेटीही याच पद्धतींनी फायली होऊन कॉम्प्युटरवर जात होत्या.) म्हणजे बघण्यासारखं सगळं आतल्या खोलीत, आणि एकत्र बसून बघायची जागा बाहेर! मध्ये फक्त एक भिंत. पण ती ओलांडायला सीडी तयार करा, मग ती आपल्या डीव्हीडी प्लेअरला कळते का ते बघा, नाहीतर लांबलचक वायर ओढा, असे उद्योग करावे लागत.

ही भिंत पाडली कोणी? याचं उत्तर मला फार आवडतं, म्हणून हा प्रपंच.

१५ नोव्हेंबर २००१ ला मायक्रोसॉफ्टनं अमेरिकेत एक्सबॉक्स बाजारात आणला. वरून खेळणं, पण आतून चक्क कॉम्प्युटर. इंटेलचा ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी, ८ जीबीची हार्ड डिस्क, पाठीमागे नेटवर्कच्या वायरीसाठी खाच, आणि टीव्हीला तर तो जोडलेलाच. कंपनीच्या लेखी मात्र तो फक्त गेमसाठी. साधी डीव्हीडी बघायची तरी रिमोटचा वेगळा संच विकत घ्यावा लागे.

काही हौशी प्रोग्रामर मंडळींना हे पटेना. एवढं सगळं आत आहे, तर नेटवर्कवरून सिनेमा का नाही दाखवायचा? २००२ मध्ये त्यांनी एक्सबॉक्स मीडिया प्लेअर नावाचा प्रोग्राम लिहिला. पुढे त्याचं नाव झालं एक्सबॉक्स मीडिया सेंटर, म्हणजेच एक्सबीएमसी, आणि जून २००४ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर शेअर करायचा, हॉलमधला एक्सबॉक्स वायरीवरून ती फाईल ओढून घेणार आणि स्वतःच उलगडून दाखवणार. उलगडण्याचं काम एमप्लेअर आणि एफएफएमपेग या फुकट, खुल्या प्रकल्पांवर उभं होतं. तेही अशाच हौशी लोकांचे, दोन्ही २००० साली सुरू झालेले.

यात एक मेख होती. हा प्रोग्राम चालवायचा तर एक्सबॉक्सचं कुलूप तोडावं लागे. कोणी आतल्या बोर्डावर चिप डाग देऊन बसवी, तर कोणी एखाद्या गेमच्या सेव्ह फाईलमधल्या फटीतून आत शिरे. शिवाय एक्सबीएमसीचा कोड सगळ्यांना खुला असला, तरी तो एक्सबॉक्सवर चालण्याजोगा करायला मायक्रोसॉफ्टचीच खासगी अवजारं लागत. त्यामुळे तयार प्रोग्राम अधिकृतपणे वाटता येत नसे. म्हणजे पाककृती छापायला मोकळीक, पदार्थ वाढायला बंदी!

कंपन्याही स्वस्थ नव्हत्या, पण त्यांची चाल निराळी. सोनी, इंटेल आणि इतर कंपन्यांनी जून २००३ मध्ये एक संघटना काढली. वर्षभरानं तिचं नाव डीएलएनए झालं. उद्देश चांगला होता: घरातल्या सगळ्या यंत्रांनी एकच भाषा बोलावी. पण कोणते व्हिडिओ दाखवता आलेच पाहिजेत, याच्या सक्तीच्या यादीत लोकांच्या कॉम्प्युटरवर खच्चून भरलेलं डिव्हएक्स-एक्सव्हिड नव्हतंच. नोव्हेंबर २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आला आणि नोव्हेंबर २००६ मध्ये प्लेस्टेशन ३. दोन्ही दणकट यंत्रं. तरी प्लेस्टेशनला घरच्या नेटवर्कवरून व्हिडिओ घ्यायची सोय मिळाली मे २००७ मध्ये, आणि डिव्हएक्स-एक्सव्हिडच्या फायली दोघांनाही वाचता येऊ लागल्या त्या डिसेंबर २००७ मध्ये. हौशी मंडळी तोवर पाच वर्षं पुढे होती.

मधल्या काळात लोकांनी दुभाषे नेमले. कॉम्प्युटरवर टीव्हर्सिटी किंवा ट्रान्सकोड ३६० सारखा प्रोग्राम चालू ठेवायचा. कन्सोलला न कळणारी फाईल हा दुभाष्या चालता चालता कळणाऱ्या रूपात बदलत जाई. कॉम्प्युटर जुना असला की दुभाष्याची दमछाक व्हायची आणि सिनेमा दर दोन मिनिटांनी अडखळायचा. तरीही चालायचा! २००८ मध्ये प्लेस्टेशनसाठी पीएस३ मीडिया सर्व्हर आला, तोही हौशी कामच. प्लेस्टेशनला न उमगणाऱ्या एमकेव्ही फायलींचं भाषांतर तो निमूट करून द्यायचा.

आमच्या घरी हे सगळं अवतरलं २००९ मध्ये, भाच्याच्या प्लेस्टेशनच्या रूपानं. पहिल्यांदा लावली ती आजीची फाईल. १९६१ च्या पानशेतच्या पुराची हकिकत ती सांगत होती, मामानं कॅमेऱ्यावर टिपलेली. कॉम्प्युटरवर मी ती एकट्यानं कितीदा तरी पाहिली होती. त्या दिवशी हॉलमध्ये नऊ जण होते. आजी बोलत असताना आई मध्येच म्हणाली, "अगं, ते पातेलं अजून आहे आपल्याकडे." मग मावशीला काही आठवलं, मग आणखी कोणाला. फाईल अकरा मिनिटांची, बैठक दोन तासांची. भिंत पाडायची ती कशासाठी, हे मला तेव्हा कळलं.

पुढचा इतिहास झटपट सांगतो. २००८ मध्ये एक्सबीएमसीच्याच कोडमधून प्लेक्सची शाखा फुटली. २०१० मध्ये मूळ प्रकल्पानं जुन्या एक्सबॉक्सची साथ सोडली, आणि ज्या यंत्राचं नाव लावलं होतं ते यंत्रच मागे राहिलं. २०१४ मध्ये नावही बदलून कोडी झालं. नोव्हेंबर २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आला तो घरच्या नेटवर्कवरून व्हिडिओ दाखवण्याची सोय गाळूनच. ती परत आली जून २०१५ मध्ये. डीएलएनए ही संघटना २०१७ च्या सुरुवातीला गुंडाळली गेली. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कोडी एक्सबॉक्स वनवर दाखल झाला, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या दुकानातून. एकेकाळी कुलूप तोडून शिरलेला पंधरा वर्षांनी पुढच्या दारानं, पाहुणा म्हणून आला!

यंत्रं आली नि गेली. सोयी दिल्या, काढून घेतल्या, परत दिल्या. भाच्याचं प्लेस्टेशन कधीच भंगारात गेलं. आजीची एक्सव्हिड फाईल मात्र आजही कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडते, कारण ती उलगडण्याची कृती काही लोकांनी विनामोबदला लिहून उघड्यावर ठेवली आहे आणि ती कोणा एका कंपनीच्या मर्जीवर चालत नाही. आता सिनेमे वर्गणी भरून बघायचे दिवस आहेत. सोय मोठी आहे, मीही वर्गणी भरतो. पण ती यादी त्यांची. आज आहे, उद्या नसेल. आणि आपल्या आजीचा व्हिडिओ त्या यादीत कधीच असणार नाही.

असो. नात्यातली जी मंडळी हे वाचत असतील, त्यांना एकच विनंती. माळ्यावरच्या कॅसेटी बुरशी लागायच्या आत फायलींत उतरवून घ्या, साध्या, खुल्या प्रकारात ठेवा, आणि एकेक प्रत दोन घरी असू द्या. टीव्हीवर दाखवायची खटपट माझ्याकडे लागली.