रोमची पहिली रोझिना

संगीतिकांच्या इतिहासात २० फेब्रुवारी १८१६ या रात्रीला एक विशेष स्थान प्राप्त झाले आहे. रोम शहरातील तेआत्रो अर्जेन्तिना या नाट्यगृहात त्या रात्री जोआकीनो रोसिनी या तरुण संगीतकाराची एक विनोदी संगीतिका प्रथमच सादर झाली आणि प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवून तिची हुर्यो उडवली. पुढे हीच कृती 'सेव्हिलचा न्हावी' या नावाने जगभर गाजली. त्या रात्रीची हकीकत सांगताना लेखकमंडळी रोसिनीविषयी भरभरून लिहितात, रंगमंचावर शिरलेल्या मांजराविषयीही लिहितात. प्रस्तुत लेखात मात्र आम्हांला त्या रात्री नायिकेची भूमिका करणाऱ्या एका बाईंविषयी लिहावयाचे आहे. त्यांचे नाव जेल्त्रूदे रिगेत्ती-जोर्जी. त्या बोलोन्याच्या. जन्म १७९३ चा.

त्यांच्या गायनाचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी रोमच्या रंगभूमीची एक जुनी गोष्ट आधी सांगितली पाहिजे. १५८८ साली पोप पाचवे सिक्स्टस यांनी रोममध्ये स्त्रियांना रंगमंचावर येण्यास मनाई केली. ही मनाई थोडीथोडकी नव्हे, दोनशे वर्षे टिकली. मग नायिकांची पदे कोणी गायची? आवाज फुटण्यापूर्वी, बालवयातच ज्यांच्यावर शस्त्रक्रिया करण्यात आली होती असे पुरुष ती गात. इटालियन भाषेत त्यांना 'कास्त्रातो' म्हणत. अशी शस्त्रक्रिया करणे ख्रिस्तसभेच्या कायद्याने निषिद्ध होते आणि तरीही खुद्द पोप महोदयांच्या गायकवृंदात हे गायक होते! ख्रिस्तसभेच्या इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने आम्ही ही विसंगती झाकून ठेवू इच्छित नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन कवी गटे रोमला आला असता त्याने गोल्दोनीच्या नाटकातील नायिकेची भूमिका पुरुषाने केलेली पाहिली आणि त्या अभिनयाची वाखाणणी केली. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला त्या वाखाणणीचे नवल वाटणार नाही. पण कलेचे कौतुक निराळे आणि त्या कलेपायी एखाद्या पोराच्या आयुष्याची दिलेली किंमत निराळी. बालगंधर्वांना अशी किंमत मोजावी लागली नव्हती.

१७९८ साली फ्रेंच सैन्य रोममध्ये शिरले आणि ही मनाई संपुष्टात आली. त्या वेळी आमच्या नायिकेचे वय पाच वर्षांचे होते. १८१४ मध्ये पोप सातवे पायस कैदेतून सुटून रोमला परतले, परंतु स्त्रियांना पुन्हा रंगमंचावरून खाली उतरविण्यात आले नाही. अशा रीतीने १८१६ च्या कार्निव्हलमध्ये एका वकिलाची तेवीस वर्षांच्या आतबाहेरची पत्नी पोप महोदयांच्या राजधानीत हजारो डोळ्यांसमोर उभी राहू शकली.

संगीतिकेचे कथानक साधे आहे. डॉक्टर बार्तोलो हा म्हातारा आपल्या आश्रयास असलेल्या रोझिना या मुलीला घरात कोंडून ठेवतो, कारण तिच्याशी, म्हणजे तिच्या हुंड्याशी, त्याला लग्न करावयाचे आहे. अल्माव्हिव्हा नावाचा सरदार लिंदोरो या गरीब तरुणाचे सोंग घेऊन तिच्या खिडकीखाली येतो आणि फिगारो नावाचा न्हावी दोघांचे जमवून देतो. बोमार्शे या फ्रेंच नाटककाराच्या १७७५ सालच्या नाटकावरून चेझारे स्तेर्बिनी याने ही संहिता रचली. याच कथेवर पाइसिएल्लो या वयोवृद्ध व सन्मान्य संगीतकाराची एक संगीतिका १७८२ पासून गाजत होती. तिचा मान राखण्यासाठी रोसिनीने आपल्या कृतीला 'अल्माव्हिव्हा' असे वेगळे नाव दिले. जुन्या मंडळींचा राग मात्र त्यामुळे शमला नाही. मोबदल्याविषयीही एक गोष्ट नोंदवून ठेवतो. सरदाराची भूमिका करणारा स्पॅनिश गायक मानुएल गार्सिआ याला १२०० स्कूदी मिळाले आणि संगीत रचणाऱ्या रोसिनीला ४००.

त्या रात्रीची सर्वांत सविस्तर साक्ष रिगेत्ती-जोर्जी बाईंनीच लिहून ठेवली आहे. पॅरिसहून निघणाऱ्या एका इंग्रजी नियतकालिकात १८२२ साली रोसिनीवर एक लेख आला. त्यात चुका फार होत्या. लेखक कोणी इंग्रज पत्रकार असावा अशा समजुतीने बाईंनी १८२३ मध्ये बोलोन्यात एक पुस्तिका छापून त्याला उत्तर दिले. वस्तुतः तो लेख स्तांदाल या फ्रेंच साहित्यिकाचा होता. त्यापूर्वीच बाई रंगभूमीवरून निवृत्त झाल्या होत्या आणि पुस्तिकेच्या शीर्षकातच त्यांनी स्वतःला 'पूर्वाश्रमीची गायिका' अशा अर्थाने संबोधले आहे. साक्ष सात वर्षांनंतरची आहे आणि साक्षीदार रोसिनीच्या बालपणापासूनच्या परिचयातील आहे, हे वाचताना विसरू नये. पण ती रंगमंचावर उभी असणाऱ्या व्यक्तीची साक्ष आहे.

बाई सांगतात त्याचा सारांश असा. रोसिनी सोनेरी बटणांचा, स्पॅनिश धाटणीचा पोशाख करून वाद्यवृंदापाशी बसला. तो पोशाख पाहूनच लोक हसू लागले. गार्सिआने खिडकीखाली स्वतःच रचलेली स्पॅनिश चालीची गाणी म्हटली आणि ती कोणालाच रुचली नाहीत. रोझिना सज्जात आली तेव्हा आता ती काहीतरी सुरेल गाईल अशी प्रेक्षकांची अपेक्षा होती. तिच्या तोंडी होते दोनचार शब्द! पुन्हा शिट्ट्या झाल्या. पुढे दोन बासिलिओची भूमिका करणारा वितारेल्ली प्रवेश करताना अडखळून पडला आणि नाकातून रक्त वाहत असताना त्याला आपले पद म्हणावे लागले. अंकाच्या शेवटी ते प्रसिद्ध मांजर आले. कोणी त्याला एका बाजूने हाकलले, कोणी दुसऱ्या बाजूने, आणि प्रेक्षक त्याच्या सुरात सूर मिसळून म्याव म्याव करू लागले.

या सर्व गोंधळात एकच क्षण असा आला की नाट्यगृह शांत झाले. पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात रोझिना एकटी असते आणि आपले मोठे पद गाते. त्या पदाला प्रेक्षकांनी तीन वेळा टाळ्या दिल्या. रोसिनीने खुर्चीवरून उठून अभिवादन केले आणि बाईंकडे वळून निसर्गाच्या देणगीविषयी थट्टेने काहीतरी उद्गार काढला. बाईंनी तत्काळ सुनावले की त्या देणगीचेच आभार माना, तिच्याविना आज तुम्हांला खुर्चीवरून उठण्याचा प्रसंग आला नसता. रोझिना शोभली असती ती अशी!

बाईंचा आवाज आज कोणीही ऐकू शकत नाही. तरीही त्याची एक प्रकारची प्रतिमा आपल्यापाशी उरली आहे. रोसिनी गायकाचा गळा ओळखून स्वर लिहीत असे, शिंप्याने माप घेऊन अंगरखा बेतावा तसा. या संगीतिकेचे त्याचे हस्तलिखित बोलोन्यात जतन करून ठेवले आहे. ते रोझिनासाठी उंच, पक्ष्यासारख्या सोप्रानो आवाजाची अपेक्षा करीत नाही. स्त्रीच्या मधल्या व खालच्या स्वरांत भरदार वाजणारा आणि तरीही चपळ ताना घेऊ शकणारा गळा त्याला हवा आहे. त्या काळी अशा आवाजाला सरसकट 'कॉन्ट्राल्टो' म्हणत. आज ही भूमिका मेझो-सोप्रानो गायिकांची मानली जाते.

पद दोन भागांचे आहे. संथ भागात रोझिना लिंदोरोशीच लग्न करण्याचा निश्चय करते. त्यानंतरच्या भागात ती आपल्या स्वभावाचे वर्णन करते. मी मर्यादशील, मी आज्ञाधारक, मला जसे वळवाल तशी वळेन. चालही अगदी शहाण्या मुलीसारखी, पावले मोजून टाकणारी आहे. आणि मग एक लहानसा शब्द येतो, 'मा', म्हणजे 'पण'. पण कोणी माझ्या दुखऱ्या जागी हात लावला तर मी नागीण होईन, शंभर डाव टाकेन. साऱ्या भूमिकेची किल्ली या एका अक्षरात आहे. काही गायिका ते अक्षर फेकतात, काही किंचित थांबून हलकेच ठेवतात आणि श्रोत्यांत हशा पिकतो. आमच्या मते येथे खालच्या आवाजाचा गुण दिसतो. उंच आवाजात हे पद खट्याळ बाहुलीचे वाटू लागते. खर्जाकडे उतरणाऱ्या आवाजात विचार करणारी, वेळ पाहून बोलणारी मुलगी दिसते. तिच्या ताना केवळ नक्षी राहत नाहीत. बंद खोलीत येरझारा घालणाऱ्या मनाची ती हालचाल असते.

या चालीचा पूर्वेतिहास तर विलक्षण आहे. आज्ञाधारकपणाचे वर्णन करणारी ही सुरावट रोसिनीने नव्याने रचलेली नाही. १८१३ सालच्या 'आउरेलिआनो इन पाल्मिरा' या त्याच्या गंभीर संगीतिकेत ती आधी येऊन गेली होती आणि ती गायला होता जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेल्लुती, कास्त्रातो गायकांच्या परंपरेतील अखेरचा मोठा गायक. रोसिनी घाईत असे आणि जुन्या चाली पुन्हा वापरी, एवढेच या गोष्टीचे कारण असेल. तरी ज्या नगरात दोनशे वर्षे स्त्रीचे गाणे अशा पुरुषांच्या गळ्यातून ऐकले गेले, त्याच नगरात अशाच एका पुरुषाच्या गळ्यातील चाल एका स्त्रीच्या गळ्यात आली आणि ती म्हणू लागली, 'मी आज्ञाधारक आहे, पण...'

आणखी एका प्रसंगाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. फिगारो रोझिनाला सल्ला देतो की लिंदोरोला दोन ओळींची चिठ्ठी लिही. ती लाजते, आढेवेढे घेते. तो आग्रह करतो. आणि ती आधीच लिहून ठेवलेली चिठ्ठी काढून त्याच्या हाती ठेवते! गावभर सर्वांना चातुर्य शिकविणारा न्हावी थक्क होतो. हा विनोद शब्दांत आहे तेवढाच गायिकेच्या संयमात आहे. लाजेचे सोंग फार केले तर चिठ्ठी फुकट जाते.

पहिल्या रात्रीनंतर रोसिनीचे सांत्वन करण्यासाठी बाई त्याच्या बिऱ्हाडी गेल्या, तर तो गाढ झोपलेला आढळला, असे त्या लिहितात. दुसऱ्या दिवशी त्याने गार्सिआच्या गाण्याच्या जागी स्वतःचे पद घातले आणि प्रकृतीचे निमित्त सांगून घरीच राहिला. त्या रात्री लोकांनी लक्ष देऊन ऐकले आणि संगीतिका तरली. पुढच्याच बुधवारी राखेचा बुधवार होता. उपवासकाळ लागला की नाट्यगृहे बंद होत, म्हणजे हाती दिवस मोजकेच होते.

पुढच्या वर्षी, २५ जानेवारी १८१७ रोजी, रोममधीलच तेआत्रो व्हाल्ले येथे रोसिनीची 'चेनेरेन्तोला', म्हणजे सिंड्रेलाची कथा, रंगमंचावर आली. नायिका याच बाई. आधी ठरलेला विषय रोमच्या परीक्षकांनी अनीतिकारक म्हणून नाकारला होता, त्यामुळे ऐनवेळी ही कथा निवडावी लागली. परीकथेतील पादत्राणाच्या जागी येथे कंकण आहे. उपशीर्षक 'चांगुलपणाचा विजय' असे आहे आणि शेवटच्या पदात राजवधू झालेली मुलगी छळ करणाऱ्या सावत्र बापाला व बहिणींना क्षमा करते. विनोदी संगीतिका क्षमेवर संपावी हे आमच्यासारख्या वाचकांना विशेष भावेल. ते पद मेझो-सोप्रानोच्या कसोटीचे समजले जाते. क्षमा करणाऱ्या मुलीच्या ताना आनंदाने इतक्या उसळतात की गाणारीचा दम कोठे संपत नाही असे वाटते. पहिल्या रात्री ही कृतीही फारशी स्वीकारली गेली नाही. रोमचे प्रेक्षक मोठे खाष्ट!

बाईंनंतर रोझिनाची भूमिका हळूहळू सोप्रानो गायिकांनी आपलीशी केली. मोठ्या पदाची पट्टी चढविण्यात आली. पेटीच्या भाषेत सांगावयाचे तर पांढरी तीनचे पद पांढरी चारमध्ये गेले. अलंकारांची रेलचेल झाली. वृद्ध रोसिनीसमोर आदेलिना पात्ती या तरुण गायिकेने हे पद नटवून म्हटले, तेव्हा हे संगीत कोणाचे असे त्याने विचारले, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे.

या वृद्ध रोसिनीनेच १८६६ मध्ये पोप नववे पायस यांना पत्र लिहून चर्चमध्ये स्त्रियांना गायनवृंदात घेण्याची अनुमती मागितली. मिस्सेसाठी त्याने रचलेल्या शेवटच्या मोठ्या कृतीला स्त्रीकंठाची गरज होती. पोप महोदयांनी त्याला प्रेमळ उत्तर व आशीर्वाद पाठविला, मागणीविषयी मात्र मौन पाळले. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी उपासनेतील गायकवृंदात स्त्रिया नसाव्यात असेच पुन्हा सांगितले. पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये काही अटींवर मार्ग मोकळा केला. आज आमच्या धर्मग्रामांत रविवारच्या मिस्सेला मुली व माताच गाणे उचलून धरतात. हा बदल किती अलीकडचा आहे याची त्यांच्यापैकी अनेकींना कल्पनाही नसेल.

रंगभूमीवर रोझिनाचा मूळ आवाज परत आणण्याचे बरेचसे श्रेय बार्सेलोनाच्या कोंचिता सुपेर्व्हिया यांना जाते. १९२० च्या दशकात त्यांनी ही भूमिका मूळ पट्टीत गायिली. १९३६ साली बाळंतपणात, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. त्यांच्या आवाजात एक खडखडीत कंप आहे, तो कित्येकांना रुचत नाही. आम्हांला तो रोझिनाच्या हट्टासारखा वाटतो. १९६९ मध्ये आल्बेर्तो झेद्दा यांनी हस्तलिखिताशी ताडून शुद्ध केलेली स्वरलिपी प्रसिद्ध झाली. तिच्या आधारे क्लाउदिओ आब्बादो यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणात माद्रिदच्या तेरेसा बेर्गान्सा रोझिना आहेत. बेर्गान्सा २०२२ मध्ये निवर्तल्या. त्यांची रोझिना आवाज न चढविता हसविते. ताना मोत्यांसारख्या सुट्या, आणि तो 'पण' जणू स्वतःशीच पुटपुटलेला. ज्या वाचकांना या संगीताची काहीच ओळख नाही त्यांनी तेथूनच आरंभ करावा.

४ जुलै २००९ रोजी लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये जॉयस डिडोनाटो ही अमेरिकन गायिका रोझिना गात होती. पहिल्या अंकात पाय घसरून ती रंगमंचावर पडली. लंगडत तिने अंक पुरा केला आणि उरलेला प्रयोग कुबड्यांच्या आधाराने. नंतर रुग्णालयात कळले की पायाचे हाड मोडले होते. पुढचे प्रयोग तिने चाकाच्या खुर्चीत बसून केले, पायाला गुलाबी प्लास्टर घालून.