पाठलाग (१९६४) : गुप्तहेर नसलेला रहस्यपट

‘पाठलाग’ हा राजा परांजपे यांनी दिग्दर्शित केलेला कृष्णधवल मराठी रहस्यपट. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे.

रहस्यकथांच्या मालिका मराठी वाचकाला नव्या नव्हत्या. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार, काळापहाड हे त्यांचे नायक पुस्तकागणिक परत येत राहिले. मराठी पडद्यावर मात्र असा गुप्तहेर रुजला नाही. ‘पाठलाग’मध्येही तो नाही. इथे शोध घेतो एक वकील, आणि शोध असतो त्याच्याच संसाराचा.

अ‍ॅडव्होकेट आनंद (काशिनाथ घाणेकर) यांची पत्नी आशा मरण पावते. पुढे पोलीस दरोडेखोरांच्या टोळीतली एक स्त्री पकडतात. ती हुबेहूब आशासारखी दिसते आणि आपण आशाच असल्याचे सांगते. दोन्ही भूमिका भावना यांच्या.

चित्रपटाचा जीव आहे तो न्यायालयातल्या उलटतपासणीत. एरवी रहस्यपटात ठसे, शस्त्रे, रक्ताचे डाग मोजले जातात. इथे पुरावा म्हणजे नवरा-बायकोच्या एकांतातल्या आठवणी. आनंद प्रश्न विचारतो आणि ती अचूक सांगत जाते. प्रत्येक बरोबर उत्तराने वकील हरतो, नवरा मात्र आतून हलतो. ही आशा असेल तर चितेवर कोण होते? नसेल तर हिला हे सगळे सांगितले कोणी? भर कोर्टात स्वतःचा संसार असा उघडा करणाऱ्या माणसाची अवघड अवस्था घाणेकरांनी चांगली दाखवली आहे. त्यांचा मूळ पेशा दंतवैद्याचा. रंगभूमीवर तेव्हा त्यांचा संभाजी गाजत होता.

‘लाखाची गोष्ट’सारख्या विनोदी चित्रपटांसाठी ओळखल्या जाणाऱ्या परांजप्यांनी इथे ताण शेवटपर्यंत टिकवला आहे. उकल मात्र योगायोगावर बरीच विसंबून आहे. ती फोडणे बरे नव्हे. गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत दत्ता डावजेकरांचे. आशा भोसले यांच्या आवाजातले हुरहूर लावणारे गाणे चित्रपटाचे नाव विसरलेल्यांनाही आठवते.

‘पाठलाग’ला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मराठीसाठीचे रौप्यपदक मिळाले. १९६५ मध्ये तमिळमध्ये ‘इदय कमलम्’ निघाला. १९६६ मध्ये राज खोसलांनी ‘मेरा साया’ केला, साधना आणि सुनील दत्त यांना घेऊन. बरेलीच्या बाजारात हरवलेल्या झुमक्याचे गाणे त्यातलेच. कथा मराठीतून गेली, हे ते गुणगुणणाऱ्या अनेकांना आजही ठाऊक नसते.