शाईतले तूप

मोठा शोध कोणता, असे विचारले की आपण पटापट नावे घेतो. चाक, वाफेचे इंजिन, वीज, टेलिफोन. शाळेच्या पुस्तकात प्रत्येक शोधापुढे एक नाव आणि एक साल असते. ते पाठ केले की मार्क मिळतात. पण शोध लागला ते साल आणि त्या शोधाने समाज हलवला ते साल, ही दोन साले वेगळी असतात. कधी कधी त्यांच्यात शेकडो वर्षे जातात. ती का जातात हे पाहिले, तर शोधाचे मोठेपण कशात असते याचाही उलगडा होतो. आपल्या छापखान्याची गोष्ट त्यासाठी फार बोलकी आहे.

जर्मनीत गटेनबर्गने १४५० च्या सुमारास धातूच्या सुट्या खिळ्यांनी छपाई सुरू केली. त्यानंतर शंभरएक वर्षांनी, सप्टेंबर १५५६ मध्ये, एक मुद्रणयंत्र गोव्याच्या बंदरात उतरले. खरे तर ते निघाले होते ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. ते गोव्यातच राहिले. त्याच वर्षी भारतातली पहिली छपाई तिथे झाली. गार्सिया द ओर्ता याचा भारतीय औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. म्हणजे अकबर बादशहा दिल्लीच्या तख्तावर आला त्या वर्षी यंत्र आपल्या किनाऱ्यावर पोहोचले होते.

मग समाज बदलला का? नाही. छापखाना मिशनऱ्यांच्या हाती होता आणि खिळे रोमन लिपीचे होते. फादर स्टीफन्स यांनी मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ मध्ये ते छापून निघाले, तेही रोमन अक्षरांत. इथल्या लिपीत छापावे अशी त्यांची इच्छा होती. १६०८ च्या एका पत्रात त्यांनी तशी विनंतीही केली होती. अडचण होती साच्यांची. आपल्या लिपीला काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे असतात. त्यामुळे शेकडो साचे लागणार. ते कोणी पाडले नाहीत. पुढे गोव्यातली छपाई बंद पडली, ती १८२१ मध्ये पुन्हा सुरू झाली.

सुरतेला भीमजी पारेख नावाचे व्यापारी होते. आपले जुने ग्रंथ छापावेत म्हणून त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रक मागितला. १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक आला. पण त्याला छापता येत होते, खिळे घडवता येत नव्हते. यंत्र आहे, पैसा आहे, हौस आहे. पण आपले अक्षर घडवणारा हात नाही. तिथेच सारे अडले.

मराठी अक्षर खऱ्या अर्थाने छापखान्यात आले ते एकोणिसाव्या शतकात. १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. १८१७ मध्ये मुंबईत अमेरिकन मिशनने मराठी छपाई सुरू केली. याच मिशनच्या छापखान्यात गणपत कृष्णाजी नावाचे भंडारी समाजातले एक गृहस्थ काम शिकले. त्यांनी स्वतःचा शिळाप्रेस उभा केला. शिळाप्रेसला खिळे लागत नाहीत. चरबीयुक्त शाईने दगडावर लिहायचे, दगड ओला करायचा. पाणी असते तिथे शाई धरत नाही, अक्षरावर तेवढी धरते. ही युक्ती १७९६ च्या सुमारास काढली बव्हेरियातल्या सेनेफेल्डरने. हा माणूस नाटककार. आपली नाटके स्वस्तात छापायची म्हणून त्याची धडपड चालली होती.

गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापले. आता पंचांग ही सोवळ्यातली वस्तू आणि छापील कागदाला तर पुष्कळजण शिवत नसत, कारण शाईत जनावराची चरबी. तेव्हा गणपत कृष्णाजींनी शाईत चरबीऐवजी तूप घातले, असे सांगतात. मला ही गोष्ट सेनेफेल्डरच्या शोधाइतकीच मोलाची वाटते. यंत्र परदेशी होते, त्यात घरचे तूप पडले आणि ते आपले झाले.

हाच दगड उर्दूलाही पावला. उर्दूची नस्तालीक लिपी ओळीवर तिरपी उतरत येते. ती खिळ्यांत बसेना. दगडावर मात्र कातिबाची कलम जशी फिरली तशीच उमटायची. १८५८ मध्ये लखनौत सुरू झालेल्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने उर्दू, फारसी, अरबी आणि हिंदी पुस्तकांचे डोंगर उभे केले. एका हिंदू प्रकाशकाने छापलेले स्वस्त कुराण मुसलमानांच्या घरोघरी गेले. युरोपात खिळ्याने जे केले, ते आमच्या उर्दूत दगडाने केले.

आणि मग पोथीचे पुस्तक झाले. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्याची कथा आपण ऐकत आलो आहोत. त्यांची गाथा १८६९ मध्ये सरकारी अनुदानातून छापून निघाली. वही बुडवता येते. छापलेले पुस्तक कसे बुडवणार? एक प्रत बुडवावी, तर शेकडो काठावर उभ्याच.

तरीही छापखाना मोठा कशाने झाला, याचे माझे उत्तर १८५५ या सालात आहे. पुण्याला जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत मुक्ता साळवे ही मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी शिकत होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने निबंध लिहिला. ‘ज्ञानोदय’ने तो त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन भागांत छापला. वेद वाचण्याचा अधिकार ज्यांना नाही त्यांचा धर्म तरी कोणता, असा तिचा सवाल होता. पोथी कोणापुढे उघडायची हे पोथीचा मालक ठरवत असे. छापील अक्षर वाचणाऱ्याची जात विचारत नाही आणि लिहिणाऱ्याचे वयही विचारत नाही. गोव्यात यंत्र उतरल्याला तेव्हा २९९ वर्षे झाली होती.

पण छापखान्याचे उगाच गोडवे गाऊ नयेत. त्याच यंत्रावर पंचांगेही छापली गेली आणि समाजासमाजांत विष कालवणारी चोपडीही. आणि मुक्तेच्या हाती आधी पाटी-पेन्सिल आली, मग छापखाना तिच्या कामी आला. फुल्यांची शाळा नसती तर ‘ज्ञानोदय’चे खिळे तिच्यासाठी मुकेच राहिले असते. शोध दार करतो. आत जायला पाय लागतात, ते समाजाने द्यायचे असतात.

आज यंत्रे आपल्याशी बोलू लागली आहेत. प्रश्न विचारावा तर क्षणात उत्तर देतात. त्यांची हुशारी किती, यावर खूप चर्चा होते. मला जुनाच प्रश्न पडतो. गोंडी, कोरकू, भिली बोलणाऱ्या मुलीचे अक्षर या यंत्रात कोण घडवणार? तिच्या हाती आधी पाटी कोण देणार? खिळे पाडणारा कारागीर आणि शाळा चालवणारी सावित्री, दोघेही आजही लागणार आहेत. मागच्या वेळी आपण अडीचशे-तीनशे वर्षे थांबलो. या वेळी तेवढी सवड नाही.