अँडोव्हरची विद्या आणि मुंबईचे पंडित

परक्या मुलखात जाऊन आपला धर्म सांगू इच्छिणाऱ्या माणसाने घर सोडण्यापूर्वी काय शिकावे? प्रश्न वरवर पाहता केवळ ख्रिस्ती मंडळींच्या चिंतेचा दिसतो. परंतु ज्याचे आयुष्य मुलांना शिकविण्यात गेले, त्याला तो निराळ्या कारणाने ओढून घेतो. तयारी करून कोण देतो, गुरू की ज्यांच्यात जावयाचे ते लोक, असा त्यातील वाद आहे. आणि त्या वादाचा एक मोठा अध्याय अमेरिकेत सुरू होऊन आपल्या मुंबईत व अहमदनगरास लिहिला गेला आहे.

1805 साली हार्वर्ड येथे धर्मशास्त्राच्या प्रमुख अध्यासनावर हेन्री वेअर यांची नेमणूक झाली. हे गृहस्थ ईश्वराचे त्रैक्य न मानणाऱ्या पक्षाचे. जुन्या मताच्या लोकांना ही गोष्ट सहन झाली नाही, आणि त्यांनी मॅसॅच्युसेट्स प्रांतातच अँडोव्हर गावी 1808 मध्ये स्वतःचे धर्मविद्यालय उघडले. तोवर तिकडे पाद्री होऊ इच्छिणारा तरुण कॉलेज संपवून एखाद्या अनुभवी पाद्र्याच्या घरी राही व त्याच्याच हाताखाली तयार होई. आपल्याकडील गुरुगृहीच्या वासासारखीच ही पद्धत. अँडोव्हरने ती मोडली. पदवीधरांनाच प्रवेश द्यावयाचा, आणि त्यांना आणखी तीन वर्षे रीतसर शिकवावयाचे, असा क्रम तेथे पडला. मोझेस स्टुअर्ट नावाचे अध्यापक 1810 मध्ये आले. विद्यार्थ्यांना द्यावयास हिब्रूचे व्याकरण हाताशी नव्हते, तेव्हा त्यांनी ते स्वतः लिहिले आणि विद्यार्थ्यांकडून उतरवून घेतले. अशा शिक्षकाविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. मात्र त्याच विद्यालयात प्रत्येक अध्यापकाला एका ठरीव मतपत्रावर सही करावी लागे, आणि दर पाच वर्षांनी ती पुन्हा द्यावी लागे. ज्ञान वाढावे, पण मत जागचे हलू नये, अशी ही विलक्षण व्यवस्था होती.

ह्या विद्यालयातील काही तरुणांच्या मनात पूर्वेकडे जाण्याचे वेड शिरले. 1810 च्या जूनमध्ये त्यांनी आपल्या पंथाच्या सभेपुढे अर्ज ठेवला. त्यातून परदेशी मिशनांचे अमेरिकन मंडळ जन्मास आले, आणि 6 फेब्रुवारी 1812 रोजी सेलम गावी पाच जणांना दीक्षा मिळाली. पैकी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे 11 फेब्रुवारी 1813 रोजी मुंबईस उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. त्यांची रवानगी इंग्लंडला करण्याचे हुकूमही सुटले. परंतु हॉलने गव्हर्नर सर एव्हन नेपियन यांच्याकडे अर्जविनंत्यांचा लकडा लावला, त्याच वर्षी कंपनीची सनदही बदलली, आणि ते राहिले.

आता त्यांच्या गाठोड्यात काय होते ते पाहा. हिब्रू होती, ग्रीक होती, सिद्धान्तांचे खंडनमंडन होते. निघण्यापूर्वी हॉलने फिलाडेल्फियात थोडे वैद्यकही शिकून घेतले होते, आणि ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हटली पाहिजे. पण ज्या लोकांशी बोलावयाचे त्यांची भाषा, त्यांचे सणवार, त्यांची दैवते, त्यांच्या जातींची गुंतागुंत, ह्यांतील एक अक्षरही अँडोव्हरच्या तीन वर्षांत नव्हते. ते शिक्षण मुंबईस पंडितापुढे बसून मुळाक्षरांपासून सुरू झाले. ज्याला आपण अज्ञानी समजून तारावयास आलो, त्याच्याच हाती आपल्या जिभेची लगाम द्यावयाची! ह्या पंडितांची नावे मिशनच्या इतिहासात ठळक अक्षरांनी लिहिलेली नाहीत. वास्तविक त्या मिशनचे दुसरे विद्यालय म्हणजे तेच होत. 1817 मध्ये ह्या मिशनच्या छापखान्यातून पहिली मराठी पुस्तिका निघाली आणि 1826 मध्ये नव्या कराराचे मराठी भाषांतर पुरे झाले, ह्या दोन्ही गोष्टी त्यांच्यावाचून घडणे शक्य नव्हते.

भाषांतर पुरे झाले त्याच वर्षी हॉल गेला. नाशकास तो गेला असता तेथे पटकीची साथ होती. जवळचे औषध त्याने रोग्यांना वाटले आणि परतीच्या वाटेवर 20 मार्च रोजी त्याच रोगाने एका हिंदू देवळाच्या ओसरीवर प्राण सोडला. वय अवघे 41. ह्या मृत्यूवर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. मला त्यात फक्त ती ओसरी डोळ्यांपुढे दिसते.

ह्यानंतर साठ वर्षांनी उलट दिशेने एक लाट गेली. रॉबर्ट ॲलन ह्यूम हे मुंबईतच 1847 साली जन्मलेले, येल व अँडोव्हर येथे शिकलेले, आणि 1874 पासून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, राहिलेले. तेथे त्यांनी देशी पाद्र्यांसाठी धर्मविद्यालय चालविले. ते रजेवर अमेरिकेस गेले असता 1886 मध्ये अँडोव्हरच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात बोलले. ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नावच पडले नाही, त्यांना मृत्यूनंतर तरी ते ऐकण्याची संधी मिळणार की नाही? ती मिळत असावी, ह्या मताच्या बाजूने ह्यूम उभे राहिले. भाद्रपदाच्या वद्य पक्षात ज्या देशात घरोघर पितरांना पाणी दिले जाते, तेथे काम करणाऱ्याला हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. ‘तुमचे आजोबा नरकात आहेत’ असे समोरच्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगावयाचे, की सांगावयाचे नाही?

मंडळ बिथरले. आजोबा नरकात नसतील, तर मिशनरी कशाला पाठवावयाचा, ही त्यांची भीती. तीही अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. ह्यूमांना परत पाठविण्यास नकार मिळाला. पुढे 1887 मध्ये परवानगी आली, आणि ते नगरास आले. इकडे अँडोव्हरच्या पाच अध्यापकांवर अशाच मतांवरून पाखंडाचा आरोप ठेवण्यात आला. एगबर्ट स्मिथ यांना तर दोषी ठरविले. तो निकाल 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, आणि 1892 मध्ये आरोपच निकालात निघाले. मतपत्रावर दर पाच वर्षांनी घेतलेल्या सह्या शेवटी अशा निरुपयोगी ठरल्या.

1910 साली एडिंबरोस जगभरच्या मिशनांची परिषद भरली. तिने मिशनऱ्यांच्या तयारीसाठी एक स्वतंत्र समिती नेमली होती. परधर्मांचा तौलनिक अभ्यास, समाजशास्त्र, भाषाशास्त्र, मिशनांचा इतिहास आणि अध्यापनशास्त्र, हे विषय पदवीधराला शिकवावेत, असे तिने सांगितले. अध्यापनशास्त्र त्यात आले हे वाचून माझ्यासारख्या जुन्या पंतोजीला बरे वाटणारच. लगेच 1911 मध्ये हार्टफर्ड येथे ह्याच कामासाठी केनेडी विद्यालय उघडले. हॉलला जे मुंबईच्या उन्हात, ठेचा खात शिकावे लागले, ते आता वर्गात मिळू लागले.

ह्याच मराठी मिशनमधील जस्टिन ॲबट यांनी निवृत्तीनंतर अमेरिकेस बसून आपल्या संतांची चरित्रे इंग्रजीत उतरविण्याचे काम हाती घेतले. एकनाथ झाले, बहिणाबाई झाल्या, तुकाराम झाले. 1932 मध्ये ते वारले; महीपतीच्या भक्तविजयाचे भाषांतर त्यानंतर, 1933 मध्ये, छापून निघाले. त्यावर ॲबट यांच्या नावाशेजारी नरहर गोडबोले हे नाव आहे.