कंपित

पहिल्यांदा लोकांपुढं कविता वाचली तेव्हा माझा आवाज कापत होता. तालुक्याच्या गावी संमेलन होतं. सूतगिरणीतली रात्रपाळी करून, तोंडावर पाणी मारून मी तसाच यष्टीत बसलो होतो. कवितेत काय होतं याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. अध्यक्ष एवढंच म्हणाले, "कवी नवा आहे. आवाजात कंप आहे, तो घालवावा."

संध्याकाळी गाण्याची बैठक होती. गवयानं एक सूर धरला आणि घशात असा हलवला की मांडव गप झाला. तेच अध्यक्ष मान डोलवून म्हणाले, "वा, काय गमक!" मी शेजारच्याला विचारलं, गमक म्हंजे काय? तो म्हणाला, "स्वराचा कंप."

म्हंजे कंपच की! मग हा घालवायचा का ठेवायचा?

दोस्तहो, मी शाळा दहावीला सोडलेला माणूस. गाण्यातलं मला काही कळत नाही. पण शब्दाचा माग काढायला कुणाची परवानगी लागत नाही. सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात बसून 'संगीतरत्नाकर'चं भाषांतर काढलं. हा ग्रंथ आपल्याच मुलखात झाला. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हंजे आजच्या दौलताबादला, यादवांचा राजा सिंघण होता. त्याच्या पदरी शार्ङ्गदेव. त्याचं घराणं मूळचं काश्मीरचं, आजा दक्षिणेत आला. शार्ङ्गदेव राजाच्या हिशेबखात्याचा मुख्य होता. हे वाचल्यावर पुढचं सगळं उलगडलं. कारण हा माणूस थरथरसुद्धा मोजतो.

ग्रंथाचे सात अध्याय. तिसऱ्यात गमकं सांगितलीत, एकूण १५. तिरिप, स्फुरित, कंपित, लीन, आंदोलित, वली अशी नावं. कंपाचा वेग किती, त्यावर नाव ठरतं. द्रुत नावाचं काळाचं एक माप आहे. त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या वेगानं सूर हलला तर तिरिप, तिसऱ्या हिश्श्याच्या वेगानं स्फुरित, निम्म्यानं कंपित, पुऱ्या द्रुताच्या वेगानं लीन. त्याहून संथ झाला की आंदोलित. आमच्या खात्यातला सायबसुद्धा इतका बारीक हिशेब धरत नाही. आणि पहिल्या तिरिपाला त्यानं उपमा कशाची दिली? अगदी लहानग्या डमरूच्या आवाजाची. डमरू म्हंजे कातडं. जनावराचं कातडं कुणी सोडवायचं, कुणी कमवायचं आणि कुणी शिवायचं नाही, हे आमच्या गावात ठरलेलं होतं. ते असो.

खरी गोष्ट पुढं आहे. त्याच तिसऱ्या अध्यायात वाईट गायकांची यादी आहे. २५ प्रकार. दात आवळून गाणारा, कावळ्यासारख्या आवाजाचा, नाकात गाणारा, डोळे मिटून गाणारा. त्यात एका रांगेत तीन नावं येतात : भीत, शंकित, कंपित.

मी बोट ठेवून पुन्हा वाचलं. कंपित! गमकांच्या यादीत तिसरा असलेला शब्द इथं निंदेच्या यादीत सहावा. एका अध्यायात, एका माणसाच्या हातून. हा कंपित कोण? तर ज्याचं अंग आणि आवाज स्वभावतःच कापतो तो.

शार्ङ्गदेवाचंही एक खरं आहे. आपण सूर हलवणं वेगळं आणि सूर आपल्याला हलवणं वेगळं. गवई पाहिजे तेव्हा कंप थांबवतो, मला थांबवता आला नाही. एवढं मी मान्य करतो. पण 'स्वभावतः' हा शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही.

माझा आजा हलगी वाजवायचा. मांगवाड्यात त्याच्यासारखा हात नव्हता. काटक्यांच्या जाळावर हलगी शेकून तापवायचा, कातडं ताणलं की एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. ती काडी अशी थरथरायची की दिसायचीच नाही, नुसता आवाज पावसासारखा. तो थरकाप त्याच्या ताब्यात होता, हवा तिथं थांबायचा. आणि तोच आजा वाड्यापुढं उभा राहिला की त-त प-प करायचा. लग्नात वाजवल्याचे पैसे मागताना त्याची बोबडी वळलेली मी पोरपणी पाहिलीय. हात तोच, गळा तोच. यातला स्वभाव कुठला, सांगा. शार्ङ्गदेवानं भीत, शंकित आणि कंपित शेजारी शेजारी बसवले. पहिले दोघे तिसऱ्याचे बाप आहेत, तेवढं लिहायचं राहिलं.

त्याच्याही कितीतरी शतकं आधीच्या भरताच्या 'नाट्यशास्त्रा'ला हे ठाऊक होतं. तिथं आठ सात्त्विक भाव आहेत. त्यात वेपथु म्हंजे अंग कापणं आणि स्वरभेद म्हंजे आवाज फुटणं ही दोन निरनिराळी. आणि कारणं दिलीत : थंडी, भय, हर्ष, राग, म्हातारपण, रोग. म्हंजे भरतापाशी कंपाला कारण आहे, स्वभाव नाही. नटानं रंगमंचावर कापायचं तर आधी कशानं कापायचं ते ठरवायला पाहिजे.

पण त्या कारणांत एक कमी पडलंय. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. जातं फिरताना खांद्यापासून सगळं अंग हलतं आणि ते हलणं गळ्यात उतरतं. मूठभर दाणं टाकायला हात थांबला की सूरही क्षणभर तुटायचा, पुन्हा खुंटा ओढला की झोका घेऊन वर. ते भय नव्हतं, थंडी नव्हती. ते काम होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव हिंडून लाखावर ओव्या गोळा केल्या, पुष्कळशा बायांचे आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवले. ते ऐका. कागदावर ओवी सरळ दिसते, आवाजात ती सरळ नाही.

आणि कागदावर ते उतरवता येत नाही असंही नाही. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे मुंबईचे वकील. त्यांनी उस्तादांकडून चिजा मिळवून लिहून काढल्या, त्यासाठी खुणा बसवल्या. मुख्य स्वराला नुसता चाटून जाणारा जो बारका स्वर, तो कण. तो मोठ्या अक्षराच्या डोक्यावर डावीकडं बारक्या अक्षरात लिहायचा. कंसात एकटा 'प' लिहिला तर झटक्यात ध प म प म्हणायचं, तो खटका. दिव्याचं बटण दाबावं तसा. मुरकी, मींड, सगळ्याला नावं. इतक्या बारक्या स्वरांची सोय झाली. हेल, हुंदका, कातर, कापरा, दाटलेला, चिरका हे आमच्या बायाबापड्यांचे शब्द मात्र कोशात राहिले, नाहीतर टिंगलीत. भक्ताचा आवाज भरून आला की सद्गदित. आमचा भरून आला की रडगाणं. हे शब्द कुणाच्या तोंडून कुणासाठी निघाले ते बघत गेलं की गावाचा नकाशा दिसतो. वेस कुठं, वाडा कुठं, आम्ही कुठं.

आता गिरणीचं. मी रिंगफ्रेमवर तुटलेलं सूत सांधतो. हजारभर चात्या एकदम फिरतात. प्रत्येक चातीभोवती धागा फुग्यासारखा फुगून कापत असतो. कापतोय तोवर सूत चालू आहे, कापायचा थांबला की समजायचं तुटलं. आठ तासांनी बाहेर आलो की जमीन थरथरते असं वाटतं, चहाचा कप धरला की बशी वाजते. संमेलनात मी हेच अंग घेऊन उभा होतो.

मागच्या महिन्यात मिरजेला गेलो. तिथं शंभर-दीडशे वर्षांपासून तंबोरे, सतारी होतात. एका कारागिराच्या दारात उभा राहून बघत होतो. त्यानं तार छेडली, ती कोरडी वाजली. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारका दोरा सरकवला, केसभर पुढं, केसभर मागं. एका जागी आल्यावर तार गुंजायला लागली, आवाज थरथरत लांबपर्यंत गेला. मी म्हणालो, हे सूत कुठलं? तो म्हणाला, "कुठलंबी चालतंय. साधं पायजे."

माझ्या खिशात गिरणीतला गुंता होता, असतोच. तो त्याच्यापुढं ठेवला. त्यानं बोटांत धरून पीळ बघितला, एक तुकडा तोडून घेतला आणि दुसऱ्या तारेखाली घातला. ती लागेपर्यंत थांबायचं होतं, पण पाळी गाठायची होती.